पितृपक्षात मुलं घरी गेली

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी संस्थेच्या फाटकातून आत गेले, तर ओसरीवर मुलं रांगेत बसलेली. आंघोळी झालेल्या, ओल्या केसांचे भांग पाडलेले, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कपड्यांची एक पिशवी. आमचा कार्यक्रम आठला सुरू व्हायचा होता. सकाळी हात धुण्याचं गाणं, दुपारी जेवणघराची भिंत रंगवायची, संध्याकाळी प्रार्थना. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून आम्ही चौघींनी त्या गाण्यासाठी साठ कागदी थेंब कापले होते. ते माझ्या हातातल्या डब्यात होते.

"ही मुलं कुठे निघाली?" आमच्याबरोबरच्या दुभाषी मुलीला मी विचारलं.

"घरी. प्चुम बेन आहे ना."

"घरी म्हणजे कुणाकडे?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "आईकडे," ती म्हणाली. "नाहीतर आजीकडे. ज्याचं जे घर असेल तिथे."

दहा वाजेपर्यंत ४२ पैकी ३७ मुलं गेली. कुणाला न्यायला मोटारसायकलवर मामा आला, कुणाला आजी. एकाच गावची सात मुलं एका टुकटुकमध्ये दाटीवाटीनं बसली. शुक्रवारपासून माझा हात न सोडणारी नऊ वर्षांची एक मुलगी मागे वळूनही न बघता धावत सुटली आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाईच्या पोटाला बिलगली. ती तिची आई होती. सिंगापूरहून निघण्यापूर्वी आमच्या हातात आलेल्या माहितीपत्रकात या ४२ मुलांसाठी एकच शब्द होता: अनाथ.

ही गोष्ट कंबोडियातल्या सिएम रीपची, २०१७ च्या सप्टेंबरातली. मी नगरची. नोकरीनिमित्त सिंगापूरला आले आणि तिथल्या एका ख्रिस्ती मंडळीत रमले. आमच्यासारख्या मंडळ्यांमध्ये वर्षातून एकदा 'मिशन ट्रिप' असते. आठवडाभर रजा काढायची, शेजारच्या एखाद्या गरीब देशात जायचं, मुलांमध्ये आणि कुटुंबांमध्ये सेवा करायची आणि परत यायचं. सिंगापूर ते सिएम रीप विमानानं दोन तासांच्या थोडं वर. आम्ही चौदाजण होतो. एक दंतवैद्य, दोन शिक्षिका, बाकीचे माझ्यासारखे कार्यालयात बसणारे. माणशी साधारण १२०० सिंगापूर डॉलर खर्च आला. निम्मा आम्ही भरला, निम्मा वर्गणीतून उभा राहिला. एका सुटकेसमध्ये नुसते बूट होते. तीन महिने आम्ही दर शनिवारी जमून प्रार्थना केली, गाणी बसवली. त्या चौदाजणांच्या मनात खोट नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते चांगल्या माणसांबद्दलच आहे.

प्चुम बेन म्हणजे काय हे त्या दुपारी रिकाम्या ओसरीवर बसून दुभाषी मुलीनं मला सांगितलं, आणि ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ख्मेर लोकांचा फोत्रबोत महिना म्हणजे आपला भाद्रपद. त्याच्या वद्य पंधरवड्यात पूर्वज भुकेले होऊन परत येतात. त्यांचा शब्दही 'प्रेत' हाच. 'बेन' म्हणजे पिंड. पहाटे अंधारात लोक वातमध्ये, म्हणजे बौद्ध मठात जातात आणि तीळ घातलेल्या चिकट भाताचे गोळे देवळाभोवती टाकतात. पितर सात देवळांमध्ये आपल्या माणसांना शोधत फिरतात, आणि सातही ठिकाणी आपलं कुणी भेटलं नाही तर तळतळाट देऊन जातात, अशी समजूत. म्हणून अमावास्येला मिळून तीन दिवस सगळा देश सुटीवर असतो आणि जो तो आपल्या गावी पोचतो. फ्नॉम पेन्हमधल्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या मुली, थायलंडमध्ये बांधकामावर गेलेले मजूर, सगळे. आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरात पितृपक्ष पाळत नसत, पण शेजारच्या घरात कावळ्याची वाट बघत थांबलेली पानं मी लहानपणी पाहिली होती. त्या पंधरवड्यात ज्याला घर आहे तो घरी असतो, एवढं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही सहलीची तारीख ठरवली ती विमानाची तिकिटं स्वस्त होती म्हणून.

संस्थाचालकांना मी सरळच विचारलं. ते लपवालपवी करणारे गृहस्थ नव्हते. म्हणाले, "वडील नसलेली बरीच आहेत. आई-वडील दोघंही नसलेली पाच. बाकीची गरिबाची पोरं. गावात शाळा चौथीपर्यंत. आई थायलंडला. इथे भात मिळतो, इंग्रजी शिकायला मिळतं. गरिबाची मुलं असं लिहिलं तर तुम्ही आला असता का?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही त्याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही.

या देशात अनाथ मुलं हा एके काळी कल्पनेचा विषय नव्हता. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या ख्मेर रूज राजवटीच्या पावणेचार वर्षांत अंदाजे १७ लाख माणसं गेली. कुटुंबं मुद्दाम फोडली, मुलांना वेगळ्या छावण्यांत ठेवलं. १९७९ नंतर रस्त्यांवर खरोखरच कुणी नसलेली मुलं होती आणि त्यांच्यासाठी घरं निघाली. पण ती पिढी मोठी झाली, देशात शांतता आली, अंगकोरची मंदिरं बघायला जगभरातून लोक लोटले, आणि अनाथालयांची संख्या उतरायच्या ऐवजी चढत गेली. २००५ ते २०१० या पाच वर्षांत ती सुमारे ७५ टक्क्यांनी वाढून २६९ वर गेली. तिथं राहणाऱ्या दर चार मुलांमधल्या तिघांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, हयात असल्याचं सरकार आणि युनिसेफच्या पाहणीत आढळलं. पर्यटक जिथे जातात तिथे अनाथालयं दाट. तोन्ले साप तळ्याकाठच्या दुर्गम खेड्यांत गरिबी जास्त, पण तिथे संस्था कमी. मुलं तिथून उचलून इथे आणली जात होती, कारण पाहुणे इथे येत होते.

फ्नॉम पेन्हमध्ये १९९४ पासून रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेनं २०११ मध्ये एक मोहीम काढली. मुलं ही पर्यटकांनी बघायची स्थळं नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. त्यांचं भित्तिपत्रक सिएम रीपच्या एका खानावळीत आमच्या टेबलामागेच लावलेलं होतं. रविवारी आम्ही त्याखाली बसून जेवलो होतो. मी ते वाचलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजले होते.

त्या मुलीबद्दल सांगते. नाव, गाव लिहिणार नाही, तो तिचा अधिकार आहे. शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा टुकटुकमधून उतरायच्या आत ती माझ्या कमरेला येऊन चिकटली. मला 'मिंग' म्हणू लागली, म्हणजे मावशी. माझी वेणी सोडायची, पुन्हा घालायची. जेवताना माझ्याच शेजारी. मला वाटलं, किती लाघवी पोर! प्रभूनं मला हिच्यासाठीच इथे आणलं असं मी त्या रात्री वहीत लिहिलंसुद्धा. नंतर सिएम रीपमधल्या एका समाजसेविकेनं मला शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी पाहुणे आले की तुमची नऊ वर्षांची भाची पहिल्या मिनिटाला त्यांच्या मांडीवर जाऊन बसते का?"

नाही बसत. आईच्या पदराआडून बघते. ज्या मुलाला आपलं माणूस कोण हे पक्कं ठाऊक असतं ते परक्याला बुजतं. ज्याच्या आयुष्यात माणसं येतात आणि सातव्या दिवशी जातात, ते मूल येईल त्याला मिठी मारायला शिकतं. रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी २००० साली सुरू केलेल्या अभ्यासात संस्थांमधली १३६ लहानगी घेतली आणि त्यातली निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली. घरात गेलेल्यांचं, त्यातही दोन वर्षांचं होण्याआधी गेलेल्यांचं, माणसाशी जडणारं नातं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पुष्कळच सावरलं. संस्थेतली पुष्कळ मुलं कुणाही अनोळखी माणसाजवळ सहज जात, त्याच्याबरोबर चालू लागत. आम्ही त्याला लळा म्हणत होतो. समाजसेविका म्हणाली, आमच्या आधी त्या वर्षी त्या ओसरीवर अकरा गट येऊन गेले होते. अकरा वेळा त्या मुलीनं कुणाची तरी वेणी घातली होती.

बुधवारी अमावास्या. दुभाषी मुलगी म्हणाली, माझं गावही त्या मुलीच्या गावाच्याच बाजूला आहे, येतेस का? गटातल्या बाकीच्यांनी भिंत रंगवायचं ठरवलं आणि मी पहाटे साडेतीनला तिच्या स्कूटरवर मागे बसले. तोन्ले साप तळं पावसाळ्यात कित्येक पटींनी फुगतं, मेकाँगचं पाणी तळ्यातून निघणाऱ्या नदीला उलटं वाहायला लावतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंधारात नुसतं पाणी लकाकत होतं. वातच्या आवारात दिवे, पांढरे सदरे, खांद्यावरून तिरपी पांढरी वस्त्रं घेतलेल्या आज्या. लोक देवळाला फेऱ्या घालत भाताचे गोळे टाकत होते. तिथे ती दिसली. आजीचा हात धरून, डोळे झोपेनं जड, गोळा टाकून झाला की बोटं चाटत. मला पाहून हसली, पण जवळ आली नाही. आई शेजारी होती.

उजाडल्यावर त्यांच्या घरी गेलो. खांबांवरचं लाकडी घर, खाली हॅमॉक, कोंबड्या. केळीच्या पानातला नुम कोम पुढे आला. तांदळाच्या पिठाची पारी, आत नारळ आणि ताडाचा गूळ. मोदकाचं सारण तोंडात असताना समोरच्या बाईला मी कोणत्या तोंडानं काय विचारणार होते? तीच बोलली. नवरा आजारात गेला. औषधासाठी काढलेलं कर्ज मागे राहिलं. ती पॉइपेतच्या नाक्यावरून थायलंडला गेली, बांधकामावर विटा वाहते. आजीचे गुडघे गेलेले. पुढची शाळा सहा किलोमीटरवर, आणि पाणी चढलं की वाट बंद. गावात एक माणूस आला, म्हणाला मुलगी द्या, शिकेल. "दिली," ती म्हणाली. "वर्षातून दोनदा घरी पाठवतात. नव्या वर्षाला आणि आत्ता."

ती घरीच राहावी यासाठी काय लागलं असतं, असं मी दुभाषी मुलीकरवी विचारलं. बाईनं बोटं मोजली. जुनी सायकल, चाळीसेक डॉलर. शाळा कागदावर फुकट असली तरी शिक्षकांना रोज द्यावे लागणारे हजार रिएल, म्हणजे पाव डॉलर. महिन्याचा तांदूळ. आणि संध्याकाळी आजीच्या जोडीला कुणीतरी. मग जरा थांबून म्हणाली, आणि मला इथे काम.

आमच्या चौदाजणांच्या त्या एका आठवड्याचा हिशेब १६,८०० सिंगापूर डॉलर होता.

अशी वजाबाकी मांडणारी मी पहिली नव्हे. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतून गट आले आणि त्यांनी बेघरांसाठी घरं बांधली. तिथे राहून काम करणाऱ्या कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञानं नंतर त्या कुटुंबांना आणि त्या स्वयंसेवकांनाही गाठलं. विमानभाड्यासकट एका घराला सुमारे ३०,००० डॉलर पडले होते. स्थानिक संस्था तसंच घर २००० डॉलरमध्ये बांधत होती. घर कुणी बांधलं यानं त्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही, आणि आयुष्य बदललं असं सांगणाऱ्या स्वयंसेवकांच्या पुढच्या दानधर्मातही फारसा नाही. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला इलिच पुरता पटत नाही. मदतीची इच्छा मेली तर माणसात उरेल काय? पण मदतीच्या इच्छेतून मूल आईपासून दूर जाऊ शकतं, हे हैतीनं दाखवलं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अडीच आठवड्यांनी अमेरिकेतल्या एका चर्च-गटातले दहाजण ३३ मुलांना घेऊन कागदपत्रांशिवाय डॉमिनिकन सीमेवर पकडले गेले. अनाथ म्हणून नेलेल्या त्या मुलांचे पालक होते. शिकेल, जगेल, या आशेनं त्यांनी ती दिली होती. सिएम रीपजवळच्या त्या घरात ऐकलं तेच हे.

आणि मी हे आणखी एका घरात ऐकलं होतं, आमच्याच. माझे पणजोबा छप्पनच्या दुष्काळातलं पोर. १८९९-१९०० च्या त्या साली त्यांच्या आईनं त्यांना एका मिशन बोर्डिंगच्या दारात सोडलं. ते वाचले, शिकले, शिक्षक झाले, आणि मी आज जी काही आहे ती त्या बोर्डिंगच्या भाकरीमुळे. हे ऋण मी नाकारणार नाही. त्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातपर्यंत जाऊन मुली केडगावला आणल्या नसत्या तर त्या मेल्याच असत्या. पण आमच्या घरात एक वाक्य हळू आवाजात सांगितलं जाई. पणजोबांना चाळिशीत कळलं की आई दुष्काळातून जगली होती, पुढे दहा-अकरा वर्षं एका गावात निंदणी-खुरपणी करत राहिली, आणि तिला कुणी शोधलं नाही. बोर्डिंगच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं, अनाथ. अमेरिकेतल्या ख्रिस्ती मासिकांत तेव्हा दुष्काळी मुलांची छायाचित्रं छापून येत आणि त्यावर वर्गणी जमे. पणजोबांचं छायाचित्र कुठे छापलं गेलं का, मला माहीत नाही. त्या मंगळवारी फाटकाशी उभी असताना मला तीच वही आठवली.

त्या जुन्या मिशनऱ्यांबद्दल मात्र एक गोष्ट मनात येते. गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. सिंथिया फरारबाई १८२७ मध्ये आल्या, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे शिक्षणाचे धडे घेतले, आणि १८६२ मध्ये बाई नगरच्याच मातीत गेल्या. त्यांच्या मताशी भांडता येतं, कारण त्या भांडण ऐकायला तिथे होत्या. नगरच्या बायांना बाईंच्या तोंडावर बोलता येत होतं, मराठीत. आम्हाला ख्मेरमधले चार शब्द येत होते, त्यातला एक 'क्रू', म्हणजे शिक्षक, आणि तो आपलाच 'गुरू' आहे हे मला परतीच्या विमानात कळलं.

सिंगापूरला आल्यावर मंडळीत जे झालं ते सुखाचं नव्हतं. मी अहवाल वाचला तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ उठून बाहेर गेले. एका मैत्रिणीनं विचारलं, म्हणजे आता त्या ४२ जणांना उपाशी टाकायचं? तिचा प्रश्न रास्त होता. पैसा एकदम थांबला तर संस्था बंद पडते आणि मुलं रस्त्यावर येतात किंवा दुसऱ्या संस्थेत जातात. पाळकसाहेबांनी तोडगा काढला, तो मला अजून शहाणपणाचा वाटतो. दोन वर्षं पैसे चालू ठेवायचे, पण मुलं घरी परतवण्याच्या कामासाठी, आणि ते काम करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हाती. कंबोडिया सरकारनंही २०१५ मध्ये निवासी संस्थांसाठी नियम केले होते आणि पाच प्रांतांतली ३० टक्के मुलं २०१८ पर्यंत सुरक्षितपणे कुटुंबात परत न्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे वाट तयार होती.

परत नेणं म्हणजे मुलाला टुकटुकमध्ये बसवून देणं नव्हे, हे त्या समाजसेविकेमुळे समजलं. आधी घर शोधायचं. आईचं, नसेल तर मावशीचं, आजीचं. मूल का दिलं ते विचारायचं, आरोप न करता. घरात दारू आहे का, मारहाण आहे का, कर्ज किती, शाळा किती लांब, सगळं लिहायचं. मुलालाही विचारायचं, आणि त्याचं 'नाही' मानायचं. मग दोन दिवस, मग आठवडा, मग महिना असं राहून बघायचं. घरी गेल्यावरही दोन वर्षं कुणीतरी दाराशी जात राहायचं. एका समाजसेवकाकडे एका वेळी वीस-पंचवीस कुटुंबं. त्याला लागतात पगार, मोटारसायकल, पेट्रोल आणि धीर. कागदी थेंब लागत नाहीत. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेचा पायाही हाच: मूल संस्थेत टाकण्याऐवजी कुटुंबाला आधार द्यायचा.

ज्या पाच मुलांना खरंच कुणी नव्हतं, त्यांचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. त्या मंगळवारी संध्याकाळी ती पाच मुलं ओसरीच्या एका टोकाला बसून होती आणि राखणदार त्यांच्याशी गोट्या खेळत होता. दोघांना दुभाषी मुलगी सणाला आपल्या घरी घेऊन गेली. पुढे तिघांना त्याच जिल्ह्यात सांभाळणारी कुटुंबं मिळाली. एक मोठा मुलगा जुन्या रिवाजानं वातमध्ये भिक्षूंकडे राहिला. एक अजून त्याच इमारतीत आहे, आणि त्याला ती आवडते. त्याच्यासाठी ती चालू राहावी असं मला वाटतं.

दुभाषी मुलगी समाजकार्य शिकली. पगाराचा काही भाग आमच्या मंडळीच्या वर्गणीतून जातो, आणि तिच्या कामात आम्ही ढवळाढवळ करत नाही. आमच्यातले दंतवैद्य अजून जातात, तिथल्या दोन तरुण डॉक्टरांना शिकवायला, मुलांच्या ओसरीवर नाही. एकदा आमचा हिशेबनीस जाऊन त्यांची हिशेबाची पद्धत लावून आला. आठवडाभराच्या माणसानं करण्याजोगी कामं आहेत. ती करताना कुणी मिठी मारत नाही, छायाचित्रही निघत नाही, म्हणून त्यांना नावं कमी येतात. २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना ऑस्ट्रेलियात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही चर्चा झाली, २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेचे धोके नमूद केले. तरी आमच्याच भागातल्या दोन मंडळ्या दरवर्षी जातात. माहितीपत्रकात तोच शब्द असतो.

२०१९ च्या सप्टेंबरात मी एकटीच गेले, दुभाषी मुलीच्या घरची पाहुणी म्हणून, पुन्हा प्चुम बेनला. ती मुलगी दीड वर्षापूर्वी घरी परतली होती. आई सिएम रीपच्या एका धोबीखान्यात कामाला लागली होती, रात्री घरी येत होती. कर्ज अजून होतं. सायकलचं मागचं चाक वाकलं होतं. आजीनं नुम कोम काढले, मी खाली चटईवर बसले आणि मुलीला हाक मारली. ती अकरा वर्षांची, उंच झालेली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आईच्या मागे उभी राहून ती माझ्याकडे बघत होती. आई म्हणाली, अगं, मिंग आहे, ओळखलंस का? तिनं मान हलवली, नाही. आईनं पुन्हा सांगितलं. तिनं आईच्या सारोंगची कड मुठीत धरली आणि खाली आलीच नाही.